भागूबाईचं पथ्य

३ मार्च, मंगळवार

अर्धा किलो! आमची भागूबाई एका वर्षात अर्धा किलो उतरली आणि मला पत्ता नाही. रोज मांडीवर घेते, रोज केस विंचरते, तरी हाताला काही लागलं नाही. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर ठेवली तेव्हा कळलं. मग रक्त काढलं. ही नावाला जागली — सुई बघितल्याबरोबर माझ्या काखेत तोंड खुपसून बसली.

दुपारपर्यंत रिपोर्ट आला. किडन्या थकायला लागल्यात म्हणे. "सुरुवात आहे, घाबरू नका. पण चौदा वर्षांची मांजर म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई. तुम्ही तिला अजून तरण्या मांजरांचं खाणं घालताय." मला एकदम अपराधी वाटलं. पाकिटावर काय लिहिलंय ते मी इतक्या वर्षांत वाचलंच नव्हतं. आणि दिवसभर लोकांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून चष्म्याच्या काचा घासते मी!

चिठ्ठी दिली. म्हाताऱ्या मांजरांचं कोरडं खाणं. फॉस्फरस कमी, मीठ कमी, प्रथिनं चांगल्या प्रतीची. हळूहळू बदला, एकदम नाही. पाण्याच्या वाट्या वाढवा. महिन्याने आणा. कुठलं पाकीट घेऊ विचारलं तर म्हणाल्या, "पाच-सहा चांगली आहेत. मागचं वाचा आणि तिला आवडेल ते घ्या. आवडलं नाही तर सगळं फुकट."

घरी येऊन चिठ्ठी आणि रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाखाली लावले. मग भागूबाईला ओट्याशी बसवून मोठ्याने सांगितलं, "मामाला सांग, तुझ्या किडन्या थकल्यात."

पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बंधुराजांचा आवाज, "आत्याला विचार, आकडे काय आलेत."

"मामाला सांग, फ्रिजवर आहेत."

४ मार्च, बुधवार

रिपोर्टवर सकाळी पेन्सिलीच्या रेघा. तीन आकड्यांखाली एकेक, फॉस्फरसखाली दोन. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला रक्तातलं काय कळतं? पण बंधुराजांना सगळ्यातलं सगळं कळतं, असा लहानपणापासूनचा समज आहे. त्यांचाच.

५ मार्च, गुरुवार

आज दुकानात काउंटरवालीला सांगून बसले. नको होतं सांगायला. ती विचारत होती, मांजरीच्या किडन्यांवरून एवढं तोंड का उतरलंय. मग सगळंच बाहेर आलं — की मी आणि माझा सख्खा मोठा भाऊ एका घरात राहतो आणि तीन वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

"मग दूध संपलं तर?"

"मांजरीला सांगते. तो ऐकतो."

ती हसायला लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तिला मामा-आत्याचंही सांगितलं. भागूबाई दोन मुठींएवढी होती तेव्हा मी तिला ड्रॉपरने दूध पाजलं, म्हणजे मी आई आणि तो मामा. बंधुराजांचं म्हणणं, झोपते माझ्या पोटाशी, म्हणजे मी बाप आणि ही आत्या. एवढ्या एका मुद्द्यावरही आमचं एकमत नाही.

हसणं संपल्यावर ती म्हणाली, "आणि ती गेली की?"

सहज म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण नंतर माझं कामात लक्ष लागेना. दुपारी एका काचेचा अक्ष पंधरा अंशांनी चुकवला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी नुसती काच उजेडात धरून बघितली आणि खाली ठेवली.

ती गेली की काय? गॅस संपला, नळाला पाणी नाही, मी उशिरा येईन — हे मी कोणाला सांगू? भिंतीला? काही नाही, हिला जगवायचं. खाण्यानेच जगणार असेल तर जगातलं सगळ्यात चांगलं खाणं आणायचं.

७ मार्च, शनिवार

अर्धी सुट्टी. प्राण्यांच्या दुकानात दोन तास उभी. भिंग घेऊन गेले होते.

पाकिटांवर "सात वर्षांपुढील", "अकरा वर्षांपुढील", पण फोटो सगळे एकाच वयाचे — कॉलेजकन्यका. एकीला तर चष्मा घातला होता, तोही उलट्या काड्यांचा. मागे बघावं तर पहिलंच नाव मक्याचं. मांस पाचव्या ओळीत. आणि खाली इतक्या बारीक अक्षरात राख, तंतू, ओलावा... फॉस्फरसचं नावच नाही.

दुकानदार मागे येऊन उभा. "बाई, हे सोनेरी न्या. सगळे हेच नेतात."

"यात फॉस्फरस किती आहे?"

"भरपूर!" म्हणाला. अगदी छातीवर हात ठेवून.

रिकाम्या हाताने परत. संध्याकाळी भागूबाईने जुनं खाणं चवीने खाल्लं आणि मला तिच्याकडे बघवेना.

९ मार्च, सोमवार

सोनेरी पाकिटावरून टिपून आणलेल्या नंबरला फोन केला, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या बाकावरून. पलीकडची मुलगी गोड होती. "आपल्या लाडक्या सोबत्याचं नाव?" भागूबाई. "भागूबाई यांचं वय?" चौदा. "अभिनंदन." मग फॉस्फरस विचारला. म्हणाली, संतुलित प्रमाणात आहे. किती? संतुलित. आकडा सांगा हो. "मॅडम, संतुलित म्हणजे कमीही नाही आणि जास्तही नाही."

काउंटरवाली म्हणाली, "स्वतःच्या ताटात काय आहे ते कधी एवढं बघितलंस का?"

११ मार्च, बुधवार

काही ठरत नाही. झोपही धड नाही. भागूबाई जुनंच खातेय.

१३ मार्च, शुक्रवार

सापडलं! दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावरच्या छोट्या दुकानात. हिरवं पाकीट. पहिलं नाव कोंबडीचं, दुसरंही कोंबडीचं. फॉस्फरस शून्य पूर्णांक आठ, चक्क छापलेला. गोल दाणे, लहान, म्हाताऱ्या दातांना बरे. वास घेऊन बघितला. मला आवडला नाही, म्हणजे तिला आवडेल.

बंधुराजांना कळवायचं की नाही यावर येताना बराच विचार केला. कळवलं की सुरू — आत्याला विचार, हेच का. आत्याला विचार, मीठ किती. आत्याला विचार, दुकानदाराचं शिक्षण काय. भागूबाईमार्फत बोलणी होईपर्यंत महिना जायचा. त्यापेक्षा गुपचूप सुरू करावं. तो संध्याकाळी डब्यातलं जुनं घालतो ते घालू दे. सकाळचं माझ्याकडे आहे.

पाकीट कपाटात, स्वेटरांच्या खाली.

१४ मार्च, शनिवार

हिशेब मांडला. दिवसाचं खाणं अठ्ठेचाळीस ग्रॅम — चोवीस सकाळी मी, चोवीस संध्याकाळी तो. हे आकडे त्याचेच, फ्रिजवर लावून ठेवलेत, दोन वर्षांपूर्वी. हळूहळू म्हणजे पहिले चार दिवस पाव भाग नवं. म्हणजे दिवसाला बारा ग्रॅम. पण संध्याकाळी तो सगळं जुनं घालणार, तेव्हा बाराच्या बारा मला सकाळीच बसवायला हवेत. म्हणजे सकाळी निम्मं नवं, निम्मं जुनं. चार दिवसांनी निम्म्यावर जायचं — तेव्हा सकाळचं सगळंच नवं. पुढचं पुढे बघू.

चष्म्याचा नंबर वाढवतानाही असंच. पाव, मग निम्मा. डोळ्याला कळता कामा नये.

वजन करायला त्याच्या बाकावरचा छोटा काटा. तो आंघोळीला गेला की पाच मिनिटं मिळतात.

१५ मार्च, रविवार

खाल्लं! वाटी चाटून पुसून. मी उगाच जीव टांगणीला लावून बसले होते.

१८ मार्च, बुधवार

सगळं व्यवस्थित. उद्यापासून सकाळचं सगळं नवं.

काट्याच्या पारड्यात एक त्रिकोणी कण होता. फुंकून टाकला. माणूस कशाकशाचं वजन करतो देव जाणे.

२० मार्च, शुक्रवार

शीच्या ट्रेमध्ये पातळ. थोडंसंच. बंधुराज उठायच्या आत साफ केलं. पोट नव्याला सरावतंय, चिठ्ठीत लिहिलंच होतं — नव्हतं लिहिलेलं, पण तसंच असणार.

आणखी एक. जुन्याचा डबा खाली जात नाहीये. मी तर कालपासून त्यातलं घेतच नाही, पण तो? चोवीस ग्रॅम रोज म्हणजे एव्हाना तळ दिसायला हवा. हात आखडून घालतो की काय! म्हातारीच्या पोटाला चिमटा! संध्याकाळी भागूबाईला म्हणाले, "मामाला विचार, तुला पोटभर घालतो ना?" तिकडून उत्तर, "आत्याला सांग, ग्रॅमला ग्रॅम." आवाज जरा चोरटा वाटला. की मलाच तसं वाटलं.

२१ मार्च, शनिवार

परत पातळ. पाणी खूप पितेय. पलंगाखाली जाऊन बसली. बोलावलं तर नुसते डोळे.

२२ मार्च, रविवार

सकाळचं तसंच पडून. वाटी नाकाखाली धरली तर तोंड फिरवलं. दुपारी बोटाला लावून दिलं, नाही. संध्याकाळी बंधुराज आपल्या खोलीतून वाटी घेऊन आले, पलंगापाशी आडवे झाले, अर्धा तास. मी दारातून बघत होते. तिथेही नाही.

सबंध दिवस आम्ही दोघं या खोलीतून त्या खोलीत. एकमेकांना वाट देत. निरोप द्यायला तिला बोलवावं तर ती उठत नाही. म्हणून कोणीच काही बोललं नाही.

२३ मार्च, सोमवार

रजा टाकली. टोपली उचलायला गेले तर बंधुराज आधीच बूट घालून, टोपली हातात घेऊन उभे. टॅक्सीत टोपली आमच्या मध्ये. वीस मिनिटं. तिचा श्वास ऐकू येत होता आणि दुसरं काही नाही.

दोन किलो साडेआठशे. अंगातलं पाणी कमी झालेलं. डॉक्टरीणबाईंनी मानेच्या कातडीखाली सलाईन दिलं, तिथे पाण्याची गाठच आली. ती ओरडलीसुद्धा नाही. तेव्हा मला रडू आलं. सरळ रडले, सगळ्यांसमोर.

"काय बदललं खाण्यात?"

मी सांगितलं. हिरवं पाकीट, सकाळी, बारा ग्रॅमपासून, मग चोवीस. का ते पण सांगितलं, की संध्याकाळी जुनंच असतं म्हणून.

बंधुराजांनी घसा साफ केला. "संध्याकाळी जुनं नव्हतं."

त्याने पण आणलं होतं. निळं पाकीट, त्रिकोणी दाणे, त्याच्या हत्यारांच्या पेटीत. हिशेब मांडला तोही त्याच चौदा तारखेला. तोच हिशेब — सकाळी ती जुनं घालते, म्हणून माझे बारा ग्रॅम संध्याकाळी. चार दिवसांनी चोवीस. ग्रॅमला ग्रॅम तोच!

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पहिल्याच दिवशी निम्मं नवं. पाचव्या दिवसापासून जुनं अजिबात नाही. आणि नवं म्हणजे दोन वेगवेगळी. हे हळूहळू?"

आम्ही दोघं टेबलाकडे बघत.

"उलट्या?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुवारपासून. दुपारी. ही कामावर असते तेव्हा. मी पुसून घ्यायचो."

"आणि जुलाब?"

"शुक्रवारपासून," मी म्हणाले. "सकाळी. हे झोपेत असतात तेव्हा."

"अहो, एका घरात ना तुम्ही? तुमचं आपापसात काही ठरलं नव्हतं?"

बंधुराज म्हणाले, "आत्याला विचारा."

"कोणाच्या आत्याला?"

तो कानापर्यंत लाल झाला. साठीचा माणूस. मी त्याही परिस्थितीत जवळजवळ हसले असते.

मग त्याने विचारायला सुरुवात केली. क्रिएटिनिन परत बघायचं का, पोटॅशियम घसरलं असेल का, फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड असते ती देता येईल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा चांगला अभ्यास आहे." आणि मला आणखीनच राग आला. एवढा अभ्यास आणि उलटी झाली हे सांगता येत नाही!

चार दिवस फक्त जुनं, थोडं थोडं, कोमट पाण्यात भिजवून. रोज सलाईनला आणायचं. खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल. "या वयात मांजर तीन दिवस उपाशी राहिली तर पुढचं मी सांगू शकत नाही."

२४ मार्च, मंगळवार

आज बोलले. भागूबाई टोपलीत होती, डोळे मिटलेले, तरी तिलाच सांगितलं कारण दुसरी सवय नाही. "मामाला सांग, त्याला लपवण्याचा रोग आहे. उलट्या लपवतो. रिपोर्ट लपवतो. माणसं मरायला टेकतात तरी लपवतो."

पुढच्या खोलीतला कानशीचा आवाज थांबला.

आईच्या वेळी हेच केलं त्याने. मी तेव्हा बाहेरगावी नवीन मशीन शिकायला गेले होते, पाच आठवडे. रोज फोन करायचे. रोज म्हणायचा, "ठीक आहे गं, तू शिकून ये." मी आले तेव्हा आई मला ओळखत नव्हती. नऊ दिवसांनी गेली. रिपोर्ट मी निघाले त्याच आठवड्यात आलेले, त्याच्या बाकाच्या खणात. विचारलं तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस." आलेच असते! तोच तर मुद्दा. पाच आठवडे मिळाले असते मला. मी म्हणाले, पुन्हा माझ्याशी बोलू नकोस. माणूस रागात म्हणतो ते. त्याने तंतोतंत पाळलं. आणि मग मीही कशाला आधी तोंड उघडू?

लिहून थोडं बरं वाटलं. पण एक गोष्ट राहिली. जुलाब मी पण लपवले. तो म्हणेल तुझ्या पाकिटामुळे झालं, या भीतीने. हे मी फक्त इथे कबूल करते.

२५ मार्च, बुधवार

संध्याकाळी सात वाजता चार दाणे खाल्ले. चार! बंधुराजांनी मोजले.

२६ मार्च, गुरुवार

अकरा ग्रॅम. सलाईनच्या वेळी डॉक्टरीणबाईंना पंजा मारला. त्या खूश झाल्या.

२८ मार्च, शनिवार

पोट ताळ्यावर. आता दोन पाकिटांतलं एक ठरवायचं. डॉक्टरीणबाईंची अट — पाकीट एक, डबा एक, आणि कोण काय घालतंय ते लिहिलेलं.

हिरवं आणि निळं ओट्यावर शेजारी शेजारी. मी भिंग घेऊन बसले. मनात होतं की निळ्यात काहीतरी खोट काढायची. तासभर वाचलं. निघाली नाही. फॉस्फरस शून्य पूर्णांक सहा, माझ्यापेक्षा कमी. मीठ कमी. माशाचं तेल. त्याचं चांगलं होतं, काय करणार! भागूबाईला म्हणाले, "मामाला सांग, निळं बरं आहे."

तेव्हा बंधुराज दोन बशा घेऊन आले. एकीत सहा गोल दाणे, एकीत सहा त्रिकोणी. भागूबाईने त्रिकोणी हुंगले, पंजाने झाकल्यासारखं केलं आणि गोल खाऊन टाकले. बशा बदलून ठेवल्या. परत तेच.

मला वाटलं आता तो वाद घालणार. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "कागदावर चांगलं आणि तोंडात माती. असलं पथ्य किती दिवस निभतं ते मला विचार. आत्याला सांग, तिचंच घालू. पोटात गेलं तर उपयोग."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, खातेय ते द्या, फरक फार नाही.

जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटत नाही.

३० मार्च, सोमवार

नवीन पद्धत. तो सकाळी दोन्ही वेळचं मोजून दोन वाट्यांत काढून ठेवतो, छत्तीस जुनं, बारा नवं. मी कागदावर तारीख टाकते. खाल्लं, उरलं, उलटी, ट्रे — चार रकाने. उलटीचा रकाना त्याच्या अक्षरात. आज त्यात "नाही" लिहिलंय, खाली रेघ मारून.

२ एप्रिल, गुरुवार

उडी मारून खिडकीत बसली. आपली आपण. मी कामावरून येताना तिला खालून बघितलं आणि रस्त्यातच उभी राहिले.

४ एप्रिल, शनिवार

तपासणी. दोघंही गेलो. तीन किलो पन्नास. किडन्यांचे आकडे होते तिथेच, वाढले नाहीत. "असंच सांभाळलंत तर अजून दोन-तीन वर्षं आरामात," म्हणाल्या. "पथ्य कोण बघतं?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "मी." मग तो म्हणाला, "दोघं."

येताना टॅक्सीत मला राहवेना. टोपलीच्या जाळीतून सांगितलं, "मामाला सांग, झालं गेलं झालं. पण यापुढे या घरात काही लपवायचं नाही. त्याने नाही, मी नाही. जुलाब मीही लपवले होते."

तो घरी पोचेपर्यंत खिडकीतून बाहेरच बघत राहिला. मला थोडं लागलं. एवढं मी पुढे झाले, हा आपला मूग गिळून बसलेला.

६ एप्रिल, सोमवार

आता निम्मं-निम्मं. चांगलं चाललंय. मग मला कसली हुरहूर लागून राहिलीय कळत नाही. आज दुकानातून दोनदा घरी फोन लावला, वाजू दिला आणि तो उचलायच्या आत ठेवला. विचारणार काय होते? भागूबाईला फोनवर दे, म्हणणार होते?

७ एप्रिल, मंगळवार

लवकर आले. बंधुराज पुढच्या खोलीत फरशीवर बसले होते, भागूबाई शेजारी खात होती. मी चपला काढत होते. त्याने तिला सांगितलं, नेहमीसारखं, मला ऐकू येईल असं:

"आत्याला सांग, माझ्याही किडन्यांचं तुझ्यासारखंच आहे. दीड वर्ष होईल."

भागूबाई खातच राहिली.

मी म्हणाले, "दादा, माझ्याकडे बघून सांग."